नौकेवरील ओल आणि वीज : सुरक्षित तारजोडणीच्या विचाराचा ऐतिहासिक मागोवा (१७६१–२०१७)

प्रास्ताविक

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात मोठ्या शोधांना जेवढे स्थान मिळते, तेवढे त्या शोधांपासून माणसाचे रक्षण करणाऱ्या लहानसहान उपायांना मिळत नाही. एडिसनचा दिवा सर्वांना ठाऊक असतो. त्या दिव्यापर्यंत जाणाऱ्या तारेवरचे आवरण मात्र कोणाच्या स्मरणात नसते. वस्तुतः दिवा लागणे हा विज्ञानाचा विजय असेल, तर तो लावताना माणूस न मरणे हा संस्कृतीचा विजय मानावा लागेल.

प्रस्तुत निबंधात या दुर्लक्षित बाजूचा एक मर्यादित, परंतु बोधप्रद भाग विचारात घेतला आहे. बाहेरून पाण्याने वेढलेल्या आणि आतूनही सतत ओलसर राहणाऱ्या नौकेत वीज सुरक्षितपणे कशी खेळवावी, हा तो प्रश्न होय. नौकेचे 'ओले भाग' म्हणजे जेथे पाणी झिरपून साचते तो तळ, स्वयंपाकघर, स्नानगृह, यंत्रकक्ष आणि लाटांच्या तुषारांना उघडा असलेला डेक. याच जागी पंप, दिवे आणि हातातील उपकरणे यांची गरज सर्वाधिक असते. आरंभीचे प्रयोग, अपघात आणि नियम यांच्या नोंदी मुख्यतः ब्रिटन व अमेरिका या देशांतील असल्याने विवेचनाचा भर तेथील घटनांवर आहे.

या इतिहासातून एक सूत्र स्पष्टपणे दिसते. सुरक्षितता जोवर माणसाच्या सावधगिरीवर सोपविलेली होती, तोवर ती अपुरी ठरली. ती रचनेतच बांधली गेली तेव्हा टिकली. मात्र रचनेत ती बांधण्यास समाजाने बहुधा कोणाचा तरी प्राण जाईपर्यंत विलंब लावला.

वीज नेण्यापूर्वीची वीज

नौकेवर विजेची तार येण्याच्या शतकभर आधीच वीज तेथे पोहोचली होती. फक्त तिला कोणी ओळखले नव्हते. लाकडी जहाजांचा तळ पोखरणाऱ्या कृमींपासून बचाव व्हावा म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा तांबे उत्तम स्थितीत होते, पण त्याला धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी गंजून नष्ट झाले होते. लक्षणीय गोष्ट अशी की, पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद जेथे चुकून तसाच राहिला होता, तेथील लोखंड सुस्थितीत होते.

व्होल्टाचा विद्युतघट १८०० सालचा. म्हणजे या निरीक्षणाचे शास्त्रीय स्पष्टीकरण तेव्हा कोणाला देता येणे शक्य नव्हते. दोन भिन्न धातू, त्यांचा परस्परस्पर्श आणि भोवती खारे पाणी एवढे मिळून विद्युतघट तयार होतो व त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजतो, हे पुढे कळले. तथापि कागदाच्या त्या तुकड्याने जहाजावरील विद्युतरोधनाचा पहिला पाठ नकळत दिला होता.

हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली याच ज्ञानाचा हेतुपूर्वक उपयोग केला. तांब्याच्या पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहान तुकडा जोडला, तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते, असे त्यांनी दाखविले. प्रयोग शास्त्रीय दृष्ट्या यशस्वी झाला, व्यवहारात मात्र फसला. तांबे झिजेनासे झाल्यामुळे त्याचा विषारी अंशही पाण्यात उतरेना. परिणामी तळावर शंख-शिंपले व शेवाळ माजले आणि जहाजांचा वेग मंदावला. नौदलाने ही योजना लवकरच सोडून दिली. डेव्हींची कल्पना मात्र टिकली. आजही पोलादी व फायबरच्या नौकांच्या पाण्याखालील धातूंना जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे बळी जाणारे तुकडे जोडलेले असतात. या तुकड्यांचा संबंध पुढे माणसाच्या जीविताशी कसा आला, ते योग्य स्थळी पाहू.

हॅरिस यांचा वीजवाहक

दुसरा पाठ आकाशातील विजेने दिला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजांवर वीजवाहक म्हणून साखळ्या दिल्या जात. पण त्या पेटीत ठेवलेल्या असत आणि वादळाची चाहूल लागली की डोलकाठीवर चढवावयाच्या असत. ऐन वादळात, ओल्या दोरखंडांवर चढून हे काम करणे किती अवघड होते याची कल्पना करता येते. पुष्कळदा साखळी पेटीतच राहत असे आणि डोलकाठी फुटत असे.

विल्यम स्नो हॅरिस यांनी यावर सुचविलेला उपाय साधा होता. तांब्याच्या पट्ट्या डोलकाठीतच कायमच्या बसवाव्यात आणि त्या जहाजातून खाली नेऊन तळाच्या तांब्याला जोडाव्यात, म्हणजे वीज समुद्रात निघून जाईल. चार्ल्स डार्विन ज्या 'बीगल' नौकेने १८३१ ते १८३६ या काळात जगप्रवासाला गेले, तिच्यावर ही रचना बसविलेली होती आणि ती उपयुक्त ठरली. १८४० च्या दशकात नौदलाने तिचा व्यापक स्वीकार केला. हॅरिस यांचे खरे योगदान तांब्याच्या पट्टीत नसून तिच्या कायमस्वरूपीपणात आहे. खलाशाला आठवण राहिली तर सुरक्षितता, ही अट त्यांनी काढून टाकली.

'कोलंबिया' : प्रकाशाचे आगमन

१८७९ च्या अखेरीस एडिसन यांनी मेन्लो पार्क येथे आपल्या दिव्यांचे प्रात्यक्षिक दाखविले. ते पाहून प्रभावित झालेले उद्योजक हेन्री व्हिलार्ड यांनी आपल्या 'कोलंबिया' या नव्या आगबोटीवर ते दिवे बसविण्याचा आग्रह धरला. जहाज बांधणारे जॉन रोच यांना ही योजना धोक्याची वाटत होती. त्यामुळे बांधणी पुरी झाल्यावर एडिसन यांच्याच माणसांनी तारजोडणी केली. १८८० साली सुमारे १२० दिव्यांनिशी 'कोलंबिया' दक्षिण अमेरिकेला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्को आणि तेथून ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे पोहोचली. एडिसन यांच्या दिव्यांची ही पहिली व्यावसायिक योजना होय. जमिनीवरील शहरांच्या आधी ती समुद्रावर झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

यामागील कारण व्यावहारिक होते. लाकडी अंतर्भागाच्या जहाजात तेलाचा उघडा दिवा म्हणजे आगीची सततची भीती. त्या तुलनेत काचेत बंद असलेला दिवा निर्धोक वाटला. मात्र कोठड्यांतील दिव्यांच्या कळा उतारूंच्या हाती दिलेल्या नव्हत्या; त्या बाहेर कुलूपबंद पेट्यांत असत आणि नोकराने येऊन दिवा लावावा अशी व्यवस्था होती. नव्या शक्तीविषयीचा अविश्वास त्या कुलपात स्पष्ट दिसतो. ही सुरक्षिततेची पहिली पद्धत: अनभिज्ञाला दूर ठेवणे. पण ज्याला विजेजवळ काम करणे भागच आहे त्याचे काय, हा प्रश्न ती सोडवीत नव्हती.

'इन्फ्लेक्सिबल' आणि ८० व्होल्टचा नियम

हा प्रश्न लवकरच पुढे आला. ब्रिटिश नौदलाची 'इन्फ्लेक्सिबल' ही युद्धनौका १८८१ मध्ये कॅप्टन जॉन फिशर यांच्या अधिपत्याखाली सेवेत दाखल झाली. तिच्या बाष्पक व यंत्रकक्षांत ब्रश पद्धतीचे आर्क दिवे आणि अन्यत्र स्वॅन यांचे तापदीप्त दिवे होते. त्यांना वीज पुरविणारे जनित्र ८०० व्होल्टचे होते. बाष्पाने ओली झालेली हवा, घामाने भिजलेले शरीर, पायाखाली व चहूबाजूंनी लोखंड आणि हाताशी ८०० व्होल्टची तार, अशी ही परिस्थिती होती. १८८२ साली या जहाजावर विजेच्या धक्क्याने मृत्यू घडला. त्यानंतर नौदलाने आपल्या सर्व जहाजांसाठी ८० व्होल्ट हा दाब प्रमाण म्हणून स्वीकारला.

हा निर्णय महत्त्वाचा आहे. 'तारेला हात लावू नका' एवढी ताकीद देऊन नौदल थांबू शकले असते. त्याऐवजी, हात लागणारच असे गृहीत धरून दाबच कमी करण्यात आला. कोरड्या त्वचेचा रोध बराच असतो, ओलसर त्वचेचा तो अतिशय घटतो. म्हणून ओल्या जागी धोका ठरविणारा घटक म्हणजे मूळचा दाब. या उपायालाही किंमत होती. तेवढीच शक्ती कमी दाबाने न्यावयाची तर प्रवाह वाढतो, तार जाड लागते, वजन व खर्च वाढतो. यंत्रे वाढत गेली तसा दाब पुन्हा वाढवावा लागला. तरी मूळ विचार लोपला नाही. 'सोलास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारातील विद्युतविषयक नियमांत ५० व्होल्टपर्यंतच्या दाबाला वेगळे, सौम्य स्थान आहे. आणि अडचणीच्या किंवा अतिशय ओलसर जागी वापरावयाच्या हातातील उपकरणांसाठी जादा दक्षतेची तरतूद आहे. लहान नौकांवरील १२ किंवा २४ व्होल्टची व्यवस्था याच विचारधारेत बसते.

आवरणाचा शोध

दाब कमी झाला तरी तार पाण्यापासून दूर ठेवणे आवश्यकच होते. एकोणिसाव्या शतकात पाण्याखालील तारांसाठी गटापर्चा हा मलाया द्वीपसमूहातील वृक्षांचा चीक सर्वोत्तम ठरला होता. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या महाकाय जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तारायंत्राची समुद्री तार टाकली, तिचे आवरणही गटापर्चाचेच होते. समुद्रतळाच्या थंड काळोखात हे आवरण दशकानुदशके टिकते. मात्र हवेत ते वाळून तडकते आणि उष्णतेने मऊ पडते. समुद्राखाली अजिंक्य ठरलेला हा पदार्थ जहाजाच्या यंत्रकक्षात त्यामुळे निरुपयोगी होता. भिजणे आणि वाळणे आळीपाळीने चालू असणारी जागा ही सतत पाण्याखाली असणाऱ्या जागेपेक्षा तारेला अधिक घातक असते, हे येथे उमगले.

तारजोडणीसाठी म्हणून गंधकप्रक्रिया केलेले रबर पुढे आले. त्यातील गंधक तांब्याला खाऊ लागल्याने तांब्यावर कथिलाचा मुलामा देण्याची पद्धत पडली. कालांतराने रबराची जागा प्लॅस्टिकवर्गीय आवरणांनी घेतली आणि गंधकाचे कारण उरले नाही. परंतु नौकेसाठीच्या उत्तम तारेवर कथिलाचा मुलामा आजही असतो, कारण खाऱ्या हवेपासून तो तांब्याचे रक्षण करतो. तार एकसंध जाड न घेता अनेक बारीक तारांची घ्यावी, म्हणजे सततच्या कंपाने ती तुटत नाही; ती तळातील पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावी; उपकरणात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत न जाता तेथेच गळून पडते. हे नियम दिसायला किरकोळ असले, तरी त्यांत अनुभवाचे सार आहे.

परतीच्या प्रवाहाची वाट

विद्युतप्रवाहाला जाण्याची वाट लागते तशी परतण्याचीही. प्रारंभी अनेक व्यापारी जहाजांवर तांब्याची बचत व्हावी म्हणून एकच तार नेत आणि परतीसाठी जहाजाचे लोखंडी कवच वापरीत. यामुळे होकायंत्राची सुई विचलित होई, असा अनुभव आला. जाणारी व येणारी तार शेजारी असली की त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना बहुतांशी नाहीसे करतात. एकेरी तारेत ते होत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, सगळे कवचच परिपथाचा भाग असल्यामुळे गळती कोणती आणि नेहमीचा प्रवाह कोणता, हा भेदच उरत नाही. 'सोलास' करारान्वये आता तेलवाहू जहाजांवर ही पद्धत पूर्णतः वर्ज्य आहे आणि १६०० टनांवरील इतर जहाजांवर शक्ती, उष्णता व प्रकाश यांसाठी निषिद्ध आहे.

मोठ्या जहाजांनी पुढे बहुधा दोन्ही तारा कवचापासून अलग ठेवण्याची पद्धत स्वीकारली. तिच्यात एका जागी रोधन फाटले तरी पुरवठा खंडित होत नाही. फक्त रोधनावर अखंड लक्ष ठेवणारे उपकरण इशारा देते. भर समुद्रात सुकाणूची वीज एकाएकी जाणे हाही प्राणघातक धोका असल्याने हा विवेक योग्यच म्हणावा लागेल. मात्र इशारा ऐकून दोष शोधणारा प्रशिक्षित विद्युतकर्मी जहाजावर असतो, हे येथे गृहीत आहे. लहान नौकेवर तो नसतो. तेथे वेगळे उत्तर हवे होते.

डाल्झील यांचे उत्तर

तोपर्यंत संरक्षणाचे सार्वत्रिक साधन म्हणजे फ्यूज. परंतु फ्यूज तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. ती वितळण्यास कित्येक ॲम्पिअर प्रवाह लागतो, तर माणसाला मारण्यास ॲम्पिअरचा अल्पसा अंशही पुरतो. हा अंश नेमका किती, याचा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी केला. स्वेच्छेने पुढे आलेल्या १३४ पुरुषांवर आणि २८ स्त्रियांवर प्रयोग करून, हातात धरलेला वाहक माणूस किती प्रवाहापर्यंत स्वतःहून सोडू शकतो, हे त्यांनी मोजले. पुरुषांची सरासरी मर्यादा सुमारे १६ मिलीॲम्पिअर आणि स्त्रियांची सुमारे १०.५ मिलीॲम्पिअर आढळली. त्यापलीकडे स्नायू आकसतात आणि मूठ उघडत नाही.

१९६१ साली डाल्झील यांनी गळती ओळखणारे स्वयंचलित खंडक सिद्ध केले. यापूर्वी १९५० च्या दशकात ऑस्ट्रियातील गॉटफ्रीड बीगेलमायर आदींनीही या दिशेने काम केले होते. तत्त्व सोपे आहे: जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला पाहिजे. दोहोंत सुमारे ५ मिलीॲम्पिअरची तूट दिसली, तर ती वीज कोठेतरी भलतीकडे, कदाचित माणसाच्या देहातून जात आहे, असे मानून खंडक क्षणार्धात पुरवठा तोडते. जमाखर्चाच्या वहीत बाकी जुळली नाही तर व्यवहार थांबवावा, तसाच हा प्रकार. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युतसंहितेने १९६८ साली पोहण्याच्या तलावांतील दिव्यांसाठी आणि १९७५ साली घरगुती स्नानगृहांसाठी ते आवश्यक ठरविले.

गोड्या पाण्यातील अदृश्य मृत्यू

यानंतर नौकेवरील प्रश्न सुटला असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे घडले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेट्टीला बांधलेल्या लहान नौका किनाऱ्यावरून वीज घेऊ लागल्या आणि १२ व्होल्टच्या नौकेत ११० किंवा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह शिरला. अशा नौकेतील तार तळाच्या ओलीत फाटली आणि भूसंपर्क तुटलेला असला, तर वीज पाण्याखालील धातूंतून पाण्यात उतरते. समुद्राचे पाणी मानवी देहापेक्षा उत्तम वाहक असल्याने तेथे प्रवाह देहाला वळसा घालून जातो. नदी व तलाव यांचे गोडे पाणी मात्र देहापेक्षा दुर्वाहक असते. तेथे प्रवाहाला देह हीच सोपी वाट होते. पोहणाऱ्याचे स्नायू निकामी होतात आणि तो बुडतो. शरीरावर खूण राहत नसल्याने अशा मृत्यूंची नोंद 'बुडून' अशीच होई.

१९९९ साली पोर्टलंडजवळ नदीत पोहणाऱ्या एका मुलाचा असाच मृत्यू झाला. त्याच्या अंगावर जीवरक्षक जाकीट होते. ज्या शहरी 'कोलंबिया'ने एकशे एकोणीस वर्षांपूर्वी विजेचे दिवे आणले, त्याच परिसरात हे घडावे, हा योगायोग अस्वस्थ करणारा आहे. अशा घटनांच्या शोधातून धोक्याचे खरे स्वरूप प्रकाशात आले. अमेरिकी नौका व नौकासाधन परिषदेने २०१० च्या सुमारास किनाऱ्यावरून वीज घेणाऱ्या नौकांसाठी ३० मिलीॲम्पिअरला पुरवठा तोडणारे खंडक आपल्या मानकांत आणले. राष्ट्रीय विद्युतसंहितेने २०११ मध्ये नौकातळांच्या पुरवठ्याला १०० मिलीॲम्पिअरची मर्यादा घातली व २०१७ मध्ये ती ३० वर आणली. डाल्झील यांच्या शोधापासून येथवर पोहोचण्यास पन्नास वर्षे लागली.

जस्त आणि जीव

येथे डेव्हींचे जस्त पुन्हा समोर येते. किनाऱ्याच्या वीजपुरवठ्यातील भूसंपर्काची, म्हणजेच अर्थिंगची तार जेट्टीवरील सर्व नौकांच्या पाण्याखालील धातूंना एकमेकांशी जोडते. साहजिकच त्या सर्व मिळून एक मोठा विद्युतघट बनतो आणि एकाच्या नौकेचे जस्त दुसऱ्याच्या तांब्यासाठी झिजू लागते. हे थांबविण्यासाठी काही नौकामालक अर्थिंगची तारच तोडून टाकीत. जस्त वाचे, पण गळतीला किनाऱ्याकडे परतण्याची सुरक्षित वाट उरत नसे. ती मग पाण्यातून वाट शोधी. धातूची झीज डोळ्यांना दिसते आणि तिचा खर्च खिशातून जातो. जीविताचा धोका मात्र दिसत नाही आणि पुष्कळदा तो दुसऱ्याच्या वाट्याला येतो. या तोडलेल्या तारेइतके बोलके उदाहरण या इतिहासात दुसरे नाही. अर्थिंग कायम ठेवून क्षरणाचा अल्प दाब अडविणारा विलगक किंवा दोन्ही बाजू पूर्णपणे अलग करणारा रोहित्र, हे यावरील योग्य उपाय होत. त्यांमुळे जस्त आणि जीव यांतून एकाची निवड करण्याची वेळ येत नाही.

समारोप

वरील विवेचनातून सुरक्षित तारजोडणीच्या चार पायऱ्या दिसतात. विजेला पाण्यापासून अलग ठेवणे, दाब घटविणे, गळतीला निश्चित वाट देणे आणि वाट चुकताच पुरवठा तोडणे. यांतील कोणतीही एक पायरी दुसरीची जागा घेऊ शकत नाही. आवरण केव्हातरी फाटते, भूसंपर्क केव्हातरी तुटतो आणि खंडकही बिघडू शकते. म्हणूनच एकामागे दुसरा उपाय उभा असावा लागतो.

कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी नौकांवर आज दिवे, बिनतारी संदेशयंत्रे आणि दिशादर्शक उपकरणे आली आहेत. बहुतेक भार बॅटरीच्या कमी दाबावर चालतो, ही जमेची बाजू. परंतु जेथे इन्व्हर्टर किंवा जनित्र येते, तेथे 'इन्फ्लेक्सिबल'चा प्रश्न पुन्हा उभा राहतो: ओले हात, ओला डेक आणि घरगुती दाबाची वीज. आपल्या महाविद्यालयांतून भौतिकशास्त्र व विद्युत अभियांत्रिकी शिकविताना ओहमचा नियम फळ्यावर सिद्ध होतो. तोच नियम ओल्या त्वचेला लावला म्हणजे काय होते, हेही अभ्यासक्रमात आले पाहिजे. किनाऱ्यावरील महाविद्यालयांना तर त्यासाठी प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे फार दूर जावे लागणार नाही. इतरत्र ज्या नियमांची किंमत मृत्यूंनी चुकविली गेली, ते नियम आपल्याला केवळ वाचून स्वीकारता येतात. इतिहासाच्या अध्ययनाचा याहून प्रत्यक्ष उपयोग सांगता येणे कठीण आहे.